मेनसेल (बोटीचं मुख्य शीड) चढवताना जड जातंय? प्लॅस्टिक ट्रॅकचा एका मोसमानंतरचा अनुभव

डोलकाठीच्या खाचेत सरकवायची यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन या गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यात धावणाऱ्या, शीड डोलकाठीला जोडणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या स्लाइड, असा हा संच. ऑक्टोबर ते मे मुंबई बंदरात वापरला. बोट 32 फुटी स्लूप (एका डोलकाठीची), मेनसेल 26 चौरस मीटर, डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाचं, बॅटन (शिडात आडव्या घातलेल्या काड्या) सगळे पूर्ण लांबीचे. पट्टी चांगली आहे. पण वाहतूक आणि कस्टम ड्यूटी धरून तिला जो पैसा पडतो, तो खर्च करण्याआधी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, तपासलाच पाहिजे. जड जाण्याची बरीच कारणं या पट्टीच्या आवाक्यातली नाहीत, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही.

चाचणी अशी. एवढ्या बोटीचं शीड बॅटन आणि स्लाइडसकट साधारण 12 ते 15 किलो भरतं. तेवढं वजन माणसाने हाताने उचलावं, विंच (हँडल फिरवून दोर ओढायचं यंत्र) फक्त शेवटच्या अर्ध्या मीटरला लागावी. तेव्हा शीड बाजूला ठेवा. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये 15 लिटर पाणी भरा, झाकण घट्ट लावा, हॅलयार्डच्या टोकाच्या कडीला (शॅकलला) अडकवा. कॅनच्या खाली दुसरा दोर बांधायचाच, नाहीतर तो झोके घेत डोलकाठीवर आपटतो आणि अडकला तर खाली ओढता येत नाही. आता हॅलयार्डला बॅग तोलायचा डिजिटल काटा लावून सावकाश, एकसारखं ओढा आणि कॅन चालू असताना आकडा वाचा. कॉकपिटमध्ये 18 ते 20 किलो आला तर दोराचा रस्ता ठीक आहे. 27-28 आला तर नवी पट्टी आणून फरक पडणार नाही, दोष दोराच्या वाटेवर आहे. मग तोच आकडा डोलकाठीशी उभं राहून, दोर सरळ खाली ओढून घ्या. तिथे हलका आणि कॉकपिटमध्ये जड असेल तर डोलकाठीच्या बुडाची कप्पी, डेकवरचा ऑर्गनायझर (दोर वळवणाऱ्या कप्प्यांचा संच) किंवा क्लच (दोर पकडून ठेवणारी कळ) बघायचा. दोन्हीकडे जड असेल तर डोलकाठीच्या माथ्यावर चढावं लागणार.

माथ्यावरच्या कप्पीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिच्याकडे कुणीच बघत नाही. दोर तिथे पूर्ण 180 अंश वळतो, म्हणजे घर्षणाचा सगळ्यात मोठा वाटा तिचाच. जुन्या बोटींवर ती बऱ्याचदा नायलॉनची असते आणि नायलॉन पाणी शोषून फुगतं. 16 मिलिमीटर जाडीच्या चाकात 2 टक्के फुगवटा आला तरी 0.3 मिलिमीटर जागा जाते. चाक ज्या पेटीत बसतं तिच्यात एवढीच मोकळीक ठेवलेली असेल तर ते पेटीच्या गालांना घासतं, कधी फिरायचंच थांबतं. मग दोर थांबलेल्या चाकावरून घसरत जातो आणि खाचेत चपटा भाग झिजवतो. पावसाळ्यानंतर शीड अचानक जड झालं आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत थोडं सुधारलं, तर संशय आधी इथेच घ्यायचा. चाक अ‍ॅसिटल या कठीण प्लॅस्टिकचं हवं, ते पाणी जवळजवळ शोषत नाही. आयात केलेलं चाक मागवायची गरज नाही, अ‍ॅसिटलचा गोल रॉड आणून लेथवर कातून घेता येतं. लेथवाल्याला मापं नेमकी द्या: खाच गोल तळाची, 10 मिलिमीटरच्या दोरासाठी तिची त्रिज्या 5 मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त, भोक पिनेवर सैल फिरेल इतकं. जाडी अशी ठेवा की चाक मोकळं फिरेल, पण दोर चाक आणि गालाच्या फटीत उतरणार नाही. व्यास पेटीत मावेल तेवढा मोठा घ्या. पीन तीच राहून चाक मोठं झालं की घर्षण कमी होतं. पीनही काढून तिच्यावरून हाताचं बोट फिरवून बघा. तिला खड्डा पडला असेल तर नव्या चाकाचा उपयोग होत नाही. पूर्वी वायरचा हॅलयार्ड असलेल्या बोटींवर चाकाची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती असते. तिच्यात दोर पाचरीसारखा बसतो, तसं चाक बदलायचंच.

आणि 10 मिलिमीटरच्या चाकावर 12 मिलिमीटरचा दोर घालू नये. जाड दोर हाताला बरा वाटतो, पण गालांना घासतो.

माझ्या बोटीवर चाक बदलल्यावर कॅनचा आकडा 28 वरून 19 वर आला. पट्टीची ऑर्डर तोवर गेलेली होती. पहिले काही आठवडे मत असं होतं की एवढ्या खर्चाची पट्टी लागलीच नसती. मार्चनंतर ते बदललं. दुपारचा खारा वारा 15 नॉटच्या वर जातो तेव्हा पूर्ण लांबीचे बॅटन स्लाइडला पुढे, डोलकाठीकडे दाबतात. जुन्या नायलॉनच्या स्लाइड त्या दाबाखाली अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत तिरक्या होऊन अडकतात. या पट्टीत अडकत नाहीत. रीफ घेताना (वारा वाढल्यावर शीड थोडं उतरवून लहान करताना) हॅलयार्ड सोडला की शीड स्वतःच्या वजनाने खाली येतं, आणि माझ्या मते पैसे त्या एका गोष्टीचे आहेत. चढवण्यातला फरक मध्यम, उतरवण्यातला फार मोठा. ज्यांचं शीड लहान बॅटनचं आहे त्यांनी हा खर्च करू नये. त्यांना खाच साफ करणं पुरतं.

ती सफाई अशी: एका सुट्या स्लाइडला खरखरीत स्क्रबरची पट्टी बांधायची, वर हॅलयार्ड, खाली ओढायचा दोर, आणि साबणाच्या पाण्यात भिजवून पूर्ण उंचीभर वर-खाली फिरवायची. मीठ आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड निघते. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असेल तर कुंभारीण माशीची मातीची घरटीही निघतात, आणि अशा एका घरट्यानेसुद्धा स्लाइड अडते. नंतर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे. ग्रीस किंवा तेल लावू नका, मुंबईची धूळ त्यात बसून घट्ट लेप होतो. सिलिकॉनचा स्प्रे कापडावर उडू देऊ नका, नंतर तिथे चिकटपट्टी किंवा शिडाचा नंबर चिकटत नाही.

स्प्रे मारण्याआधी जड कुठे लागतं ते पाहा. दरवेळी एकाच उंचीवर अडत असेल तर तिथे खाचेला पोचा आहे किंवा ट्रॅकचा सांधा सरकलाय. शेवटच्या मीटरलाच अडत असेल तर दुर्बिणीने माथा बघा, टॉपिंग लिफ्ट (बूमचं टोक उचलून धरणारा दोर) किंवा जादा हॅलयार्ड गुंडाळला गेलेला असतो. सुरुवातीपासून हळूहळू जड होत जात असेल तर रीफच्या दोऱ्या. त्या बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) पोटातून जातात आणि शीड चढताना प्रत्येक दोरी सोबत ओढली जाते. एका दोरीने टॅक आणि क्ल्यू (शिडाचे खालचे पुढचा आणि मागचा कोपरा) दोन्ही ओढणारी पद्धत असेल तर जास्तच. चढवण्याआधी त्यांचे क्लच उघडे हवेत, दोरी हाताने बाहेर ओढून सैल ठेवलेली हवी. मेनशीट, व्हँग, कनिंगहॅम या बूम आणि शीड ताणून धरणाऱ्या दोऱ्या सैल. बॅटनचा ताण कापडावरच्या आडव्या सुरकुत्या जातील इतकाच, त्याहून जास्त दिलेला प्रत्येक फेरा स्लाइडला डोलकाठीवर दाबतो.

मुंबई बंदरात आणखी एक भानगड आहे. मूरिंगवरची (बोयाला बांधलेली) बोट वाऱ्याकडे तोंड करत नाही, प्रवाहाकडे करते. उधाणाच्या ओहोटीला नाळ (बोटीचं पुढचं टोक) बंदराच्या आत वळलेली आणि वारा वायव्येचा, म्हणजे बाजूने. अशा वेळी कितीही भारी ट्रॅक असला तरी शीड स्प्रेडरला (डोलकाठीच्या आडव्या हाताला) आणि शिडाच्या बॅगच्या दोऱ्यांना अडकतं. मूरिंग सोडा, इंजिनवर नाळ वाऱ्यात धरा, मग चढवा.

हट्टाने विंच फिरवू नका. 30 नंबरच्या विंचवर हँडलला 20 किलो जोर म्हणजे दोरावर पाचशे किलोच्या वर ताण. अडकलेली स्लाइड त्यात तुटते, किंवा शिडाच्या माथ्याची शिवण उसवते.

आता पट्टीच्या तक्रारी. बसवायच्या सूचनांमध्ये उष्णतेने वाढण्याचा साधा उल्लेख नव्हता. हे प्लॅस्टिक अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त लांबतं, 11 मीटरच्या पट्टीत 25 अंशांच्या फरकाने 4 ते 5 सेंटिमीटर. म्हणून ती फक्त तळाशी पक्की करायची, वरचं टोक मोकळं, आणि वर तेवढी फट सोडायची. सकाळच्या गारव्यात टोकाला टेकवून कापली तर मेच्या उन्हात ती फुगून खाचेत बाक घेते आणि स्लाइड तिथेच अडतात. दुसरं, तळाचा स्टॉपर. शीड इतक्या वेगाने खाली येतं की सगळ्या स्लाइड त्यावर आदळतात. सोबत आलेला स्क्रू लहान होता, तो सुटला तर स्लाइड एकामागून एक डेकवर येतील. 6 मिलिमीटरची आरपार पीन घाला. तिसरं, खाली उतरलेल्या स्लाइडचा ढीग गूजनेकच्या (बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्याच्या) वर उभा राहतो, त्यामुळे रीफ घेताना टॅकचं कडं हुकपर्यंत पोचत नाही. कड्यातून वेबिंगचा तुकडा ओवून दोन्ही टोकांना स्टेनलेसची एकेक रिंग शिवून घ्या आणि रिंग हुकात अडकवा. शिवण दुहेरी, पॉलिएस्टरच्या दोऱ्याची. सुती दोरा उन्हात आणि मिठात टिकत नाही.