दारात आलेलं रेशन: वडगावातल्या मावशीच्या घरचा सात महिन्यांचा अनुभव

माझी मावशी 82 वर्षांची आहे आणि बेळगावच्या वडगाव भागात एकटीच राहते. काका गेल्यापासून घरातला माग बंद आहे. गुडघे धरल्यामुळे तिला पायऱ्या उतरवत नाहीत. मी त्याच शहरात टिळकवाडीत; माझी नोकरी आणि रेशन दुकानाची वेळ कधी जुळायची नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच धान्य देण्याची कर्नाटक सरकारची अन्नसुविधा योजना आहे असं कळलं, तसं लगेच तिचं नाव घातलं. तूरडाळ, शेंगतेल, साखर हे बाकीचं सामान मी मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून तिच्या पत्त्यावर मागवते. म्हणजे सात महिने एकाच उंबऱ्यावर दोन पिशव्या येताहेत, एक हक्काची आणि एक विकतची.

आधी चांगलं सांगते. पूर्वी शेजारच्या पोराच्या हातापाया पडून दुकानात पाठवावं लागायचं, आणि अंगठा लावायला तरी तिला रिक्षानं जावंच लागायचं. तो रिक्षाचा खर्च फुकटच्या धान्यावर बसायचा. आता दुकानदार मशीन घेऊन घरी येतो. मावशीच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ही सोय बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं.

पण तिसऱ्या महिन्यात अंगठाच लागेना. आयुष्यभर सूत हाताळून बोटांवरच्या रेघा झिजल्या आहेत. कोमट पाण्यानं हात धुतले, दहाही बोटं लावून झाली, मशीन काही घेईना. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून दुकानदार पिशवी परत घेऊन गेला. पिशवी यायला अकरा दिवस लागले. तेवढ्यात मी विकतचा तांदूळ नेऊन दिला, पण ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांनी काय करायचं? पुढच्या खेपेला ओटीपी मागितला. तो आला, पण मेसेज सगळा कन्नडमध्ये. मावशी बाजारापुरतं कन्नड छान बोलते, वाचता मात्र येत नाही. कुठला आकडा सांगायचा हे तिला फोनवरून मी सांगितलं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं त्यांच्यासाठीच्या संरक्षण योजनेत फार पूर्वीच ठरलेलं आहे. रेशनच्या मेसेजपेक्षा महत्त्वाची सूचना मावशीसाठी दुसरी कुठली?

खरं दुखणं वजनाचं आहे. मावशीकडे तिच्या सासूच्या वेळचं पितळी मापटं आहे. दहा किलो तांदळाची किती मापटी होतात ते तिला पाठ. पाचव्या महिन्यात दुकानदार गेल्यावर तिनं परातीत तांदूळ ओतून मोजला आणि मला फोन केला, "अगं, ह्यात कमी आहे बघ." मी पिशवी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. 9 किलो 200 ग्रॅम.

रेशन दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा अंगठ्याच्या मशीनला जोडावा यासाठी केंद्रानं 2021 मध्ये नियम बदलले. वजन आणि नोंद एकाच वेळी व्हावी, मधे कुणाचा हात लागू नये, हा त्यामागचा हेतू. आणि इथं दारात येताना मशीन तेवढं येतं, काटा दुकानातच राहतो. अंगठा लागला की नोंद दहा किलोची, पिशवीत काय ते नशिबावर. दुकानात उभं राहून "काटा दाखव की" म्हणता येतं. खाटेवर बसलेल्या म्हातारीला ते जमत नाही, वर "घरी आणून देतोय ना" याचं ओझं.

आता दुसरी पिशवी बघा. एकदा तेलाची पिशवी फुटून आली. फोटो पाठवला, संध्याकाळी पैसे परत. त्यांनी दाद दिली नसती तरी ई-कॉमर्सचे 2020 चे नियम आहेतच: तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. अ‍ॅपचाही त्रास आहे. 286 रुपयांचं सामान, पण पैसे भरताना हाताळणी आणि पोचवणी धरून 340. शेवटच्या पानावर असे आकार चढवणं 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चुकीचं आहे, तरी चालतंच. अमेरिकेत सरकारी अन्नमदतीचं कार्ड ऑनलाइन किराण्याला चालावं म्हणून 2014 च्या कायद्यात प्रायोगिक योजना घातली, 2019 मध्ये न्यूयॉर्कपासून ती सुरू झाली. त्या मदतीतून पोचवणीचा आकार भरता येत नाही, तो स्वतःच्या खिशातून. अन्नाचा पैसा अन्नालाच जातो हे चांगलं, पण ज्याच्या खिशात काहीच नाही त्याचं सामान दुकानातच राहतं. आपल्याकडे रेशनची पोचवणी फुकट आहे ती फुकटच राहू दे. फक्त मशीनबरोबर काटाही आलाच पाहिजे, पावती मराठीतही मिळाली पाहिजे, आणि अंगठा लागला नाही म्हणून पिशवी परत जाता कामा नये.

9 किलो 200 चा काट्यावरचा फोटो मी दुकानदाराला दाखवला. भांडले नाही, पण पुढच्या वेळी रेशनच्या 1967 या हेल्पलाइनवर तक्रार करणार हे स्पष्ट सांगितलं. या महिन्यात त्यानं हातात धरायचा हुकाचा काटा आणला. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. पिशवी अडकवली, मावशीनं आकडा त्यालाच मोठ्यानं वाचायला लावला: 10 किलो 60 ग्रॅम. तो गेल्यावर तिनं परात ओढली आणि मापटं घेऊन मोजायला बसली.