संचार साथी अ‍ॅप : कामाचं आहे, तरी एक स्टार कापला

आईच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघायला हे सरकारी अ‍ॅप तिच्या फोनमध्ये टाकलं, जानेवारी 2025 मध्ये आलं तेव्हाच. निघाली तीन! एक तिचं, एक माझं (कॉलेजात असताना तिच्या आधारवर घेतलेलं, मी विसरूनच गेलो होतो) आणि तिसरं कुणाचं ते देव जाणे, सिम घेताना कुणीतरी तिचा अंगठा दोनदा लावून घेतला असणार. 'माझा नंबर नाही' असं कळवलं, काही दिवसांनी यादीतून गेला.

मग ग्वाल्हेरच्या मेळ्यात काकांचा फोन मारला. पोलिसात तक्रार, तिची कॉपी आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) अ‍ॅपमध्ये टाकून फोन ब्लॉक केला. आयएमईआय डब्यावर छापलेला असतो, म्हणून डबे फेकू नका, घरचे कितीही ओरडले तरी. फोन काही मिळाला नाही पण चोराच्याही कामाचा राहिला नाही.

मग स्टार का कापला? तर नोव्हेंबर 2025 च्या शेवटी दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं की 90 दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे आधीच टाकून द्या, आणि त्यातलं काही बंद करता येता कामा नये. कारण सायबर सुरक्षा. बोंबाबोंब झाली, दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदे (हो, आपल्या ग्वाल्हेरचेच) म्हणाले नको तर डिलीट करा, आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली.

काका म्हणतात, "असू दे रे, चोर तरी सापडेल." अहो काका, चोर शोधायला चोरीच्या फोनचा आयएमईआय लागतो, माझे एसएमएस कशाला? अँड्रॉइडवर हे अ‍ॅप कॉल लॉग आणि एसएमएसची परमिशन मागतं. फ्रॉड खोटे आहेत असं मी म्हणतच नाहीये, घरातच बघितलंय, पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 जजनी एकमताने सांगितलंय की प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे, आणि पेगासस (फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) प्रकरणात 2021 ला तर सरळ म्हटलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला फ्री पास मिळत नाही. सरकारने आधी दाखवावं ना, नेमकं काय बघणार आणि कशासाठी.

आईच्या फोनमधून अ‍ॅप काढलं. सिमची तीच यादी त्यांच्या वेबसाइटवर ओटीपी टाकून दिसते, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघतो.