शनिवार, दुपारचे तीन : सोफा की स्टँड?

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेला फुटबॉलवेडा मराठी माणूस पहिल्याच शनिवारी चक्रावतो. पुण्यात असताना दुपारी तीनची प्रीमियर लीगची मॅच रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला, जेवता जेवता दिसायची. इथे मैदानापासून दहा-बारा किलोमीटरवर राहून ती टीव्हीवर दिसत नाही. आणि त्याच वेळी नाशिकहून भावाचा मेसेज येतो, ‘काय गोल मारला रे, बघितलास ना?’

शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इथे कुठलीही फुटबॉल मॅच थेट दाखवता येत नाही. 1960च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी इतर क्लबांना पटवून दिलं, की घरबसल्या मोठी मॅच दिसली तर लहान क्लबांच्या मैदानावर कुत्रं फिरकणार नाही. हे गृहस्थ बोलून थांबणारे नव्हते. 1964 मध्ये बीबीसीने त्याच दिवशीच्या मॅचचे निवडक क्षण रात्री दाखवायला सुरुवात केली, तर यांनी पुढे पाच वर्षं बर्नलीच्या टर्फ मूर मैदानावर कॅमेराच येऊ दिला नाही. लॉर्ड गेले, त्यांचा युक्तिवाद मात्र नियम होऊन आजही ठाण मांडून बसला आहे. 2011 मध्ये पोर्ट्समथच्या पबमालकीण कॅरन मर्फी यांचं, ग्रीक डिकोडर लावून पबमध्ये मॅचेस दाखवल्याचं, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि त्यांच्या बाजूने बराच निकालही लागला, पण तीनची बंदी काही हलली नाही.

तर दर ऑगस्टला ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं : टीव्हीचं पॅकेज घेऊ, की मैदानाचं सीझन तिकीट? दोन्ही सहज परवडत असेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. बाकीच्यांसाठी माझा अनुभव सांगतो. मी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला राहतो, आवडता क्लब लंडनचा (नाव सांगत नाही, उगाच भांडणं होतात), आणि सोफा, प्रीमियर लीगचं मैदान आणि खालच्या डिव्हिजनचं मैदान असं तिन्हीकडे बसून झालं आहे.

आधी टीव्ही. 2025-26 पासून चार वर्षांचा नवा करार लागू झाला आहे. 6.7 अब्ज पाउंडांचा. त्यात स्काय या वाहिनीकडे हंगामाला किमान 215 मॅचेस आणि टीएनटी या वाहिनीकडे 52. एकूण मॅचेस 380. म्हणजे दोन्ही पॅकेजेस घेतली तरी शंभरावर मॅचेस तीनच्या पडद्याआड राहतात. पण जे दिसतं ते उत्तम दिसतं, याबद्दल वाद नाही. रिप्ले, ऑफसाइडची रेघ, पेनल्टी का दिली आणि का नाही, हे सगळं मैदानातल्या माणसाच्या आधी सोफ्यावरच्याला कळतं. घरात लहान मूल असेल किंवा शिफ्टची नोकरी असेल, तर इथेच थांबा आणि टीव्ही घ्या. मूल आमचंही लहान होतं तेव्हा मी तेच केलं.

टीव्हीवर मला दोन गोष्टी खटकतात. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे बचाव फळी कशी सरकते आहे, विंगर रिकाम्या जागेत कधीपासून हात वर करून उभा आहे, हे दिसतच नाही. फुटबॉल समजून घ्यायचं असेल तर स्टँडमध्ये जरा वरच्या रांगेत बसण्याला पर्याय नाही, असं माझं तरी मत आहे. दुसरं म्हणजे इंटरनेटवरून बघताना चित्र मागे असतं. इकडे कॉर्नर घ्यायला खेळाडू चालत निघालेला असतो आणि तिकडे फोनवर गोलची सूचना येऊन जाते. मग मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो, तर शेजारचा ओरडायचा.

आणि हो, टीव्हीला गर्दी लागतेच. कोविडच्या खंडानंतर 17 जून 2020 ला लीग पुन्हा सुरू झाली, उरलेल्या 92 मॅचेस रिकाम्या मैदानांत झाल्या आणि सगळ्या थेट दाखवल्या. त्यावर वाहिन्यांनी प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला आवाज चढवला होता. मी आवाज बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं. दोन्ही प्रकार सोसवेनात. पुढे त्याच ऑक्टोबरमध्ये नेहमीच्या पॅकेजबाहेरच्या मॅचसाठी वेगळे 14.95 पाउंड मागायला लागले, तेव्हा चाहत्यांनी ते पैसे फूड बँकांना दिले आणि नोव्हेंबरात ती टूम बंद पडली. टीव्हीचा प्रेक्षक अगदीच मुकाट असतो असं नाही.

आता प्रीमियर लीगचं मैदान. वातावरणाबद्दल मी काय सांगणार, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिकीट मिळणं कठीण, क्लबची मेंबरशिप घेतली तरी खात्री नाही, हेही ठाऊक असेल. पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी 2016 मध्ये 30 पाउंडांची मर्यादा आली, ती मात्र चांगली गोष्ट. व्हीएआरचा, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासण्याच्या पद्धतीचा, जाच मैदानात जास्त होतो. गोल झाला, शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो, आणि मग सगळं मैदान दोन-दोन मिनिटं रेफरीच्या कानाकडे बघत उभं. 2019 मध्ये ही पद्धत आली तेव्हा ॲनफील्ड आणि ओल्ड ट्रॅफर्डला मोठा पडदासुद्धा नव्हता. आता रेफरी माइकवर निर्णय सांगायला लागले आहेत, तेवढाच दिलासा. 2024 मध्ये वुल्व्ह्ज क्लबने व्हीएआर बंद करण्याचा ठराव आणला होता, तो 19 विरुद्ध 1 असा पडला.

पण व्हीएआर सहन केलं असतं. माझा निर्णय झाला तो तारखांमुळे.

हंगामाचं वेळापत्रक जूनमध्ये येतं. त्यात तुमची मॅच शनिवार, दुपारी तीन अशी छापलेली असते. ती तारीख म्हणजे नुसता अंदाज. नंतर वाहिन्या आपापल्या मॅचेस निवडतात आणि तुमची मॅच शनिवारी साडेबारा, साडेपाच, रविवारी दोन, साडेचार, शुक्रवारी किंवा सोमवारी रात्री आठ यांपैकी कुठेही जाऊन पडते. साधारण सहा आठवडे आधी कळवायचं असं लीगचं धोरण आहे, पण युरोपातल्या स्पर्धा आणि एफए कप मध्ये आले की त्याचंही काही खरं नसतं. रेल्वेची स्वस्त तिकिटं मात्र बारा आठवडे आधीपासून विकली जातात. म्हणजे लवकर काढलं तर तिकीट वाया जाण्याची भीती, आणि तारीख पक्की होईपर्यंत थांबलं तर तेच तिकीट दुप्पट-तिप्पट.

एका हंगामात माझी शनिवारची मॅच उचलून सोमवारी रात्री आठला ठेवली. स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, ते गेले. नवं काढलं, ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेतली. मॅच दहाच्या सुमारास संपते, लंडनचं युस्टन स्टेशन गाठेपर्यंत उत्तरेकडची शेवटची सोयीची गाडी निघून गेलेली. रात्र एका मित्राच्या हाउन्स्लोच्या घरी काढली आणि मंगळवारी पहाटेच्या गाडीने थेट ऑफिस. दुसऱ्या वेळी रविवारी साडेचार. रविवारी इथे रुळांची कामं काढतात, त्यामुळे परतीचा अर्धा प्रवास रेल्वेऐवजी बसने, पायाशी बॅग आणि खिडकीवर पाऊस. मॅच आम्ही जिंकलो होतो, तरी घरी पोहोचेपर्यंत त्याचा आनंद कुठल्या कुठे गेला होता. पुढच्या वर्षी तर मी जानेवारीतल्या मॅचसाठी हॉटेल घेऊ की नको यावर घरात चर्चा करत होतो, तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, मुहूर्त जर फोटोग्राफरच्या सोयीने ठरत असेल, तर आपण त्या लग्नाला पाहुणे की शोभेची माणसं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्या एकट्याचं हे रडगाणं नाही. 2023 मध्ये 24 डिसेंबरला, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, वुल्व्ह्ज विरुद्ध चेल्सी ठेवली होती. 1995 नंतर त्या दिवशी प्रीमियर लीगची मॅच झाली नव्हती. लंडनच्या चाहत्यांनी त्या दिवशी वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन परत कसं यायचं, हा विचार निवड करणाऱ्याने केला असेलही. तसं दिसलं नाही एवढंच. शनिवारी साडेबाराची मॅच भारतात आणि पूर्व आशियात संध्याकाळी दिसते, हे मी नाशिकच्या भावाला सांगतो तेव्हा तो खूश होतो. त्याचं काय चुकलं? पैसे तोही भरतो.

मग बॉब लॉर्ड बरोबर होते का? मला शंका आहे. जर्मनीत शनिवारी दुपारी साडेतीनच्या बुंडेसलीगाच्या सगळ्या मॅचेस थेट दिसतात, आणि तरी मैदानं भरलेली असतात. डॉर्टमुंडचा एकच स्टँड जवळपास 25,000 माणसं उभी करतो. तिथल्या लोकांचं भांडण प्रक्षेपणाशी नव्हतंच, ते वेळेशी होतं. सोमवारच्या मॅचेस सुरू झाल्या तेव्हा फेब्रुवारी 2018 मध्ये फ्रँकफर्टच्या चाहत्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू टाकून खेळ अडवला, आणि 2021-22 पासून बुंडेसलीगाने सोमवार सोडून दिला. तिथे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडे असतं, त्यामुळे ओरड ऐकावी लागते. इंग्लंडमध्ये ओरडा आणि पुढच्या स्टेशनवर उतरा, ऐकतंय कोण?

आता तिसरा पर्याय, ज्याकडे मी शेवटी वळलो : स्टॉकपोर्ट काउंटी, लीग वन, म्हणजे प्रीमियर लीगपासून मोजली तर तिसरी पायरी. हा क्लब 2011 मध्ये फुटबॉल लीगमधून, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांतून, बाहेर फेकला गेला, 2013 मध्ये आणखी खाली, थेट सहाव्या पायरीवर गेला, आणि 2022 मध्ये लीगमध्ये परतून 2024 मध्ये लीग टू, म्हणजे चौथी पायरी, जिंकून वर आला. एजली पार्क स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. डोक्यावरून मँचेस्टर विमानतळावर उतरणारी विमानं इतकी खाली जातात की नवीन माणूस हटकून वर बघतो. इथे व्हीएआर नाही. लाइन्समनने झेंडा उचलला नाही म्हणजे गोल, आणि मग मनसोक्त ओरडायचं. निर्णय चुकला तर सोमवारी ऑफिसात चहाबरोबर पुरतो.

खेळाचा दर्जा कमी आहे, हे मान्य. चेंडू हवेत जास्त, पहिला स्पर्श कधी कधी दोन फूट लांब. टीव्हीवर हीच मॅच मी वीस मिनिटांच्या वर बघू शकणार नाही. स्टँडमधून मात्र ती बघवते, कारण राइट बॅकला प्रशिक्षक काय ओरडतोय ते ऐकू येतं.

तारखांचं सुख इथेही पूर्ण नाही, नाहीतर मी जाहिरात करतोय असं वाटेल. 2024 पासूनच्या करारात स्काय खालच्या तीन डिव्हिजनच्या आणि दोन कप स्पर्धांच्या मिळून हंगामाला हजाराहून जास्त मॅचेस दाखवतं, त्यामुळे काउंटीचीही मॅच अधूनमधून साडेबाराला सरकते. तीनपेक्षा जास्त काय, नेमके तीन खेळाडू जरी देशाच्या संघात गेले तरी मॅच पुढे ढकलता येते, आणि ढकलतात. पण फरक असा, की जानेवारीपर्यंतच्या टीव्हीच्या मॅचेस हंगाम सुरू होण्याआधीच जाहीर होतात, आणि मॅच हललीच तर मला घरापासून बसने फक्त काही थांबे जायचं असतं. साडेबारा काय, तीन काय. गंमत म्हणजे हाच क्लब एके काळी आपण होऊन शुक्रवारी रात्री घरच्या मॅचेस खेळायचा, शनिवारी मँचेस्टरच्या दोन मोठ्या क्लबांशी टक्कर नको म्हणून. तेव्हा मॅचची वेळ बदलायची ती माणसं मैदानात यावीत यासाठी.

लंडनचा माझा क्लब मी सोडलेला नाही. एकच पॅकेज ठेवलं आहे, तेही महिन्याच्या बोलीवर, आणि मोठ्या मॅचेस असतील त्या महिन्यांत. तीनच्या बंदीत सापडलेली मॅच रात्री निवडक क्षणांत बघतो. भाऊ आधीच सगळं सांगून मोकळा झालेला असतो.

तुम्ही मँचेस्टरला नसाल तरी हरकत नाही, इंग्लंडमध्ये लीग वन आणि लीग टूचं मैदान बहुधा तासाभराच्या आत सापडतं. सीझन तिकीट लगेच घेऊ नका. ऑक्टोबरात एक-दोन मॅचेसची सुटी तिकिटं काढा, त्यातली एक मंगळवार रात्रीची असू द्या, कारण थंडीत आणि ऑफिसनंतर जावंसं वाटतं का ते तिथेच कळतं. काउंटीलाच येणार असाल तर चीडल एंड या स्टँडला वरच्या भागात जागा बघा. मूल बरोबर असेल तर त्याला विमानांच्या बाजूला बसवा, पहिला हाफ शांतपणे बघायला मिळेल.