पद्मिनीचे सुटे भाग: बाजारातला लोकल माल आणि फियाटचाच माल ठेवणारा विक्रेता

कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने बाहेर पडलेल्या गाडीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. ज्याच्या दारात अजून अशी गाडी उभी आहे, त्याला यातली दुसरी घटना अधिक महागात पडते. टॅक्सी होत्या तोवर क्लच प्लेटपासून दाराच्या मुठीपर्यंत प्रत्येक वस्तूला रोजचे गिऱ्हाईक होते; त्या घटत गेल्या तसे लहान कारखानदारांनी फियाटचे साचे बाजूला ठेवले. उरलेल्या मालासाठी दोनच वाटा आहेत. एक म्हणजे मुंबईत ऑपेरा हाउस किंवा पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांतला लोकल माल, आणि दुसरी म्हणजे केवळ जुन्या फियाटचे भाग जमवून, बनवून घेऊन विकणारे मोजके विक्रेते. सत्तरच्या दशकातल्या एका पद्मिनीच्या दुरुस्तीत दोन्हीकडचा माल वापरून झाला असल्याने, त्यावरूनच हे परीक्षण लिहीत आहे.

जे भाग ठरावीक प्रमाणाप्रमाणे बनतात, त्यांच्यासाठी फियाटच्या खास विक्रेत्याकडे जाण्याचे काहीच कारण नाही. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक कोणत्याही गाडीचा मोहताज नसतो. ६२०३ म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर, मग ते बेअरिंग पद्मिनीत बसो की पाण्याच्या पंपात. फॅन बेल्ट, १२ व्होल्टचे बल्ब, स्पार्क प्लग, नटबोल्ट यांचेही तसेच आहे. एका खास विक्रेत्याकडून आलेले बेअरिंग त्याच्या स्वतःच्या छापील पिशवीत होते, पण आत नाना पेठेत मिळते तेच, त्याच कंपनीचे होते. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट. ही जादा किंमत पिशवीची समजावी.

प्रज्वलनाच्या भागांत फरक दिसू लागतो. ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या काँटॅक्ट पॉइंटची फायबरची टाच स्वस्त मालात लवकर झिजते, त्यामुळे पॉइंटमधली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेली फट आणखी मिटत जाते आणि ठिणगी पडण्याची वेळ, म्हणजे टायमिंग, सरकते. गाडी चालत राहते, पण चढावर दम तोडते. पॉइंटला जोडलेला, ते जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर निकृष्ट असला तर त्याहून त्रासदायक, कारण तो गरम झाल्यावर इंजिन बंद पाडतो आणि थंड झाला की निमूट काम करू लागतो, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडतच नाही. तरीही येथे मी खास विक्रेत्याची शिफारस करणार नाही. नावाजलेल्या भारतीय कंपनीचे पॉइंट आणि कंडेन्सर साध्या दुकानात मिळतात, आणि बिनानावाच्या मालापेक्षा ते थोडेच महाग असतात.

खास विक्रेत्याची खरी किंमत किंगपिनच्या, म्हणजे पुढची चाके वळताना ज्या पिनांभोवती फिरतात त्यांच्या, कामात कळली. बाजारातल्या संचातल्या दोन पिना मायक्रोमीटरने मोजल्या असता त्यांच्या व्यासात फरक निघाला, आणि कानस फिरवताच एकीवर ओरखडा उठला. नीट कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरायला हवी. जिथे ती चावते तिथे पिन लवकर झिजणार आणि पुढची चाके डुलू लागणार, हे निश्चित. खास विक्रेत्याचा संच तिप्पट भावाचा होता, परंतु दोन्ही पिना एकाच मापाच्या निघाल्या, आणि मागणी नोंदवण्यापूर्वी त्याने गाडीचे वर्ष विचारले, जुनी बुशे (पिन ज्यांत फिरते ती नळकांडी) दाबून काढल्यावर नवी रीमर मारून, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करून, बसवायची आहेत हेही बजावले. ‘गाडी डुक्कर फियाट की डिलाइटनंतरची?’ हा त्याचा पहिलाच प्रश्न होता. बाजारातल्या काउंटरवर ‘फियाटचा किंगपिन’ एवढ्यावर वस्तू हातात पडते. १९५४ च्या सुमारास आलेले, पुढचे दरवाजे उलटे उघडणारे ‘डुक्कर’ मॉडेल आणि साठच्या दशकातले ११०० डी, म्हणजे डिलाइट, यांच्यात काय बदलले, याची चौकशी तिथे कोणी करत नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरच्या जोडणीतली बुशेही खास विक्रेत्याकडूनच घ्यावीत. ती ढिली असली की दुसरा गिअर शोधावा लागतो, आणि लोकल बुशे नवी असतानाच ढिली होती.

रबराच्या बाबतीत मात्र खास विक्रेत्याच्या शब्दावरही विसंबू नये. त्याच्याकडे प्रीमियरच्या मूळ खोक्यातले ब्रेकचे वॉशर, म्हणजे चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधून ऑइल गळू न देणारे रबरी भाग, होते आणि त्यांचे त्याला मोठे अप्रूप होते. रबर वापरले नाही तरी हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने कडक होत जाते. वीस-पंचवीस वर्षे कपाटात राहिलेला वॉशर ओरिजिनल असला तरी चाकाच्या सिलिंडरमध्ये घालण्याच्या लायकीचा राहत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हा सोस परवडणारा नाही. पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले ताजे, नामांकित कंपनीचे वॉशरच घ्यावेत, ते कोणत्याही दुकानातून आले तरी चालतील. बिनानावाचा एक वॉशर काही दिवस डॉट ३ ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवला तेव्हा तो फुगून मूळच्या खोबणीत बसेनासा झाला.

पेट्रोलची नळी आणि इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपातला रबरी पडदा यांत उलट परिस्थिती आहे. पेट्रोल पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते आणि जुन्या धर्तीचे रबर त्यात मऊ पडते किंवा तडकते. इथेनॉल सोसणारा पडदा कापून देणारा फियाटचा विक्रेता भेटला. साध्या दुकानात त्याविषयी विचारले असता, सगळे पडदे सारखेच असतात, असे उत्तर मिळाले.

व्यवहारात खास विक्रेते आळशी आहेत. फोन उचलत नाहीत, माल कधी येईल ते सांगत नाहीत, आणि आगाऊ पैशांशिवाय काही हलत नाही. पण मापात न बसलेली दाराची मूठ एकाने निमूट परत घेतली, तर बाजारातल्या दुकानाने बिलच दिलेले नसल्याने तिथे परत करण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. काचेभोवतीच्या रबराची पट्टी दोघांकडेही नीट मिळाली नाही: लोकल पट्टी कोपऱ्यात वळत नाही, आणि खास विक्रेत्याची पट्टी पहिल्या पावसात गळली. पद्मिनीचा सांगाडा इटलीच्या ११०० डीचाच असल्याने तिथल्या फियाटच्या विक्रेत्यांकडे ही पट्टी मागवता येते, आणि कुरिअर व जकात धरूनही मी आता तीच मागवणार आहे.