जुन्या बेलरचा तुटलेला पीटीओ शाफ्ट दुरुस्त करून घेतला, पूर्ण हंगाम चालवल्यावरचा अनुभव

सोयाबीनच्या गुळीचे (मळणीनंतर उरलेल्या भुशाचे) गठ्ठे बांधताना आमच्या जुन्या चौकोनी बेलरचा, म्हणजे गठ्ठे बांधायच्या मशीनचा, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा फिरता दांडा) तुटला होता, तो नवा न घेता दुरुस्त करून घेतला आणि त्यावर राहिलेली गुळी, मग उसाचं पाचट आणि शेवटी गव्हाचं काड असं सगळं काढून झालंय, तेव्हा आता खात्रीनं लिहू शकतो. काम टिकलंय. पण नुसता जाड पाइप टाकून घेतला असता तर परत तुटला असता हे माझं ठाम मत आहे, कारण दोष पाइपच्या जाडीत नव्हताच.

मशीन सेकंडहँड घेतलेलं, 14 बाय 18 इंचाचा गठ्ठा, मिनिटाला 540 फेऱ्यांच्या पीटीओवर चालणारं, पुढं 45 एचपीचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरकडच्या जॉइंटचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा चार टोकांचा तुकडा) मधूनच मोडला, त्याला धरणाऱ्या दोन कानांच्या योकचा एक कान उघडला आणि शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन पाइपांपैकी आतला पिळला गेला. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं की जाड पाइप टाकू, कान भरून घेऊ, संध्याकाळी मशीन चालू. सीझन अंगावर असताना हे ऐकायला लई गोड वाटतं. पण 45 एचपी 540 वर म्हणजे शाफ्टवर जवळपास 600 न्यूटन मीटरचा पीळ येतो, तोही एकसारखा नाही, प्लंजर (काड दाबणारा दट्ट्या) मिनिटाला 80 च्या आसपास ठोके मारतो आणि प्रत्येक ठोक्याला धक्का असतो. एवढं सगळं वर्षानुवर्षं सोसलेला शाफ्ट एका दुपारी का तुटतो, हे आधी बघायला पाहिजे होतं.

म्हणून फ्लायव्हील (बेलरचं पुढचं जड चाक) बघितलं आणि तिथंच उत्तर मिळालं. फ्लायव्हीलला जो शिअर बोल्ट असतो, आपल्याकडं कटिंग बोल्ट म्हणतात तो, त्याच्या जागी काळा अ‍ॅलन बोल्ट बसवलेला आणि डोक्यावर 12.9 छापलेलं. आधीच्या मालकाकडं बोल्ट सारखा तुटत असणार, मग कुणीतरी कधीच न तुटणारा टाकून दिला. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा बघायची सवय सगळ्यांनी लावून घ्या, 8.8 म्हणजे साधारण 800 मेगापास्कलला तुटणारा, 10.9 म्हणजे 1000 आणि 12.9 म्हणजे 1200. कटिंग बोल्टचं कामच तुटायचं आहे. गठ्ठ्याभोवती सुतळी ओढणाऱ्या सुया चेंबरमध्ये, म्हणजे गठ्ठा दाबला जातो त्या पेटीत, अडकल्या तर प्लंजर येऊन त्यांच्यावर आदळू नये म्हणून मध्ये एक स्टॉप येतो, प्लंजर जागेवर थांबतो आणि फ्लायव्हीलची सगळी ताकद त्या एका बोल्टवर जाऊन बोल्ट तुटतो, सुया वाचतात. तोच तुटला नाही तर ताकद पुढची कमजोर जागा शोधणार. आमच्याकडं ती शाफ्टमध्ये सापडली, दुसऱ्या कुणाकडं गिअरबॉक्सच्या दातात सापडेल आणि तो खर्च फार मोठा आहे.

दुसरं कारण मशीन ट्रॅक्टरला जोडण्याचं. पीटीओच्या टोकापासून ड्रॉबारच्या (मशीन ओढायच्या दांड्याच्या) पिनेपर्यंत 540 साठी 14 इंच अंतर लागतं, आमच्या ट्रॅक्टरवर ते बरंच कमी होतं कारण ट्रॉलीसाठी हूक पुढं ओढून घेतलेला. अंतर कमी पडलं की वळताना शाफ्ट जास्त दाबला जातो, आतला पाइप बाहेरच्याच्या तळाला टेकतो आणि मग तो सरळ क्रॉसवर आणि ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर ढकलतो. पाइपच्या टोकावर आपटल्याच्या ताज्या खुणा होत्या. आणि तिसरं, जुन्या कुठल्यातरी वेल्डिंगमध्ये आतले दोन योक एका रेषेत बसवलेच नव्हते. जॉइंट वाकलेला असताना एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त होतो, दोन्ही योक एका रेषेत असले आणि दोन्हीकडचा कोन सारखा असला तर दुसरा जॉइंट पहिल्याचा फरक मारून टाकतो, नसले तर फरक राहतो आणि सगळं मशीन थरथरतं. हे मशीन पहिल्या दिवसापासून थरथरायचं, सगळे म्हणायचे जुनं आहे, थरथरणारच. ते खोटं होतं.

दुरुस्ती ट्रकचे प्रोपेलर शाफ्ट बनवणाऱ्याकडं केली आणि हा निर्णय सगळ्यात चांगला ठरला, कारण योक रेषेत लावणं हे त्याचं रोजचं काम आहे, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. क्रॉस घेताना कपाचा व्यास आणि दोन टोकांमधली लांबी व्हर्नियरनं मोजूनच घ्या, 27 बाय 74.6, 30.2 बाय 80, 30.2 बाय 92 असे मिलिमीटरमध्ये साइज असतात आणि नुसतं बघून फरक कळत नाही. पिळलेल्या पाइपची जोडी दोन्हीची दोन्ही बदलली, एकच बदलू नका, जुन्यात नवा घासत सरकतो आणि लवकर झिजतो. कान उघडलेला योक भरून न घेता नवाच टाकला. ड्रॉबार मागं घेऊन 14 इंच करून घेतला, फ्लायव्हीलमधली बोल्टची भोकं लांबट झाली होती तिथं नवे बुश (भोकात बसणाऱ्या नळ्या) बसवले आणि मशीनच्या पुस्तकात दिलेल्या साइजचा, ग्रेडचाच बोल्ट टाकला. भोक लांबट असलं की बोल्ट आत हलतो, वाकतो आणि विनाकारण तुटतो, मग माणूस कंटाळून कडक बोल्ट टाकतो, हे चक्र तिथूनच सुरू होतं. सगळं मिळून खर्च नव्या शाफ्टच्या निम्म्यापेक्षा कमी आला.

आता वापराचं. थरथर जवळजवळ गेली, हे पहिल्या फेरीतच ट्रॅक्टरच्या सीटवर कळलं. गुळीत आणि गव्हाच्या काडात काही त्रास नाही. पाचटात मात्र बोल्ट तुटले, ओळीत उसाचं कांडं किंवा दगड आला की तुटतो, आणि प्रत्येक वेळी बाकी काहीच मोडलं नाही यातच समाधान आहे. टूलबॉक्समध्ये त्याच ग्रेडचे बोल्ट भरपूर ठेवायचे, बदलायला फार वेळ लागत नाही. (पाचट शेतातच कुट्टी करून कुजवलं तर जमिनीला जास्त चांगलं हे मलाही पटतं, पण जिथं लोक पेटवून देतात तिथं गठ्ठे बांधून नेलेले कधीही बरे.)

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. सकाळच्या दवात ओलसर पाचट घेतलं की स्लिप क्लच (जादा ताण आला की घसरून मशीन वाचवणारा) घसरतो आणि तापतो, वास येतो, म्हणून ऊन वर आल्याशिवाय सुरुवात करत नाही. क्लचचे नट आवळून हा प्रश्न सोडवायचा नाही, स्प्रिंगची लांबी पुस्तकात दिलीय तेवढीच ठेवायची, नाहीतर परत तेच होणार. ग्रीसचे निप्पल कव्हरच्या आत आहेत, गन नीट लागत नाही, तरी रोज काम सुरू करायच्या आधी दोन्ही क्रॉसला ग्रीस देतोच. प्लॅस्टिकचं कव्हर बाजारातलं घेतलं ते उन्हात कडक होऊन एका ठिकाणी चिरलं, ते बदलावं लागणार. कव्हरशिवाय चालवायचा विषयच नाही, 540 म्हणजे सेकंदाला 9 फेऱ्या, खांद्यावरचा टॉवेल किंवा बाईमाणसाचा पदर अडकला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. आणि कव्हरची साखळी बांधा, म्हणजे ते शाफ्टबरोबर फिरत नाही.

ओव्हररनिंग क्लच (ट्रॅक्टरकडून बेलरला ताकद देतो, उलट येऊ देत नाही) आमचा आधी गंजून जाम झालेला होता, तोही सोडवून घेतला, त्याचा फायदा सगळ्यात जास्त जाणवला. सिंगल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर क्लच दाबला तरी फ्लायव्हील फिरत राहतं आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढं ढकलतं, बांधाला किंवा विहिरीच्या कडेला हे जीवावर बेतू शकतं. आता क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो, बेलर आपला फिरत फिरत शांत होतो. तरीही अगदी तिरकं वळायचं असेल तर पीटीओ बंद करूनच वळतो. सारखं छोट्या तुकड्यात काम असेल त्यांनी ट्रॅक्टरकडच्या बाजूला वाइड अँगल जॉइंटचा (जास्त वाकूनही चालणाऱ्या) विचार करावा, महाग आहे पण वळणावर बंद-चालू करायचा ताप वाचतो.

पावसाळ्याच्या आधी आता शाफ्ट काढून, पाइप वेगळे करून, पुसून ग्रीस लावून घरात ठेवणार आणि स्लिप क्लचच्या स्प्रिंगचे नट सैल करणार. दमटपणानं प्लेटा गंजून एकमेकीला चिकटतात आणि मग दिसायला क्लच असतो पण घसरत नाही. सोयाबीन निघायच्या आधी एकदा मुद्दाम सैल ठेवूनच घसरवून बघायचा, प्लेटा सुटल्या की मापाप्रमाणे नट आवळायचे. फ्लायव्हीलकडचा क्रॉस या वेळी बदलला नव्हता, त्यात हातानं हलवल्यावर थोडी ढिलाई लागतेय, तो पण तेव्हाच घेईन.