बैठकीच्या खोलीतला डिस्टंट सिग्नल

नातवाच्या वाढदिवसासाठी लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानातून आणलेला, विजेवर चालणारा आगगाडीचा संच गेले तीन आठवडे आमच्या कोथरूडच्या घरी रोज मांडला जातो. रूळ एकमेकांत घट्ट बसतात, इंजिन सांध्यावर अडखळत नाही आणि डबे 1:87 या प्रमाणात सुबक उतरले आहेत, त्यामुळे खेळणे म्हणून त्याला नावे ठेवायला जागा नाही. आक्षेप आहे तो सोबतच्या दोन सिग्नलांबद्दल, आणि सिग्नल खात्यात नोकरी केलेल्या माणसाची खोड म्हणून तो खुशाल सोडून द्यावा.

माहितीपत्रकानुसार डिस्टंट (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा) आणि होम (स्टेशनात शिरण्याआधी गाडी थांबवणारा) सिग्नल एकमेकांपासून 30 सेंटिमीटरवर उभे करायचे आहेत. आपल्याकडे बहुरंगी सिग्नलांच्या मार्गावर डिस्टंट होमच्या 1 किलोमीटर अलीकडे असतो आणि वेग जास्त असेल तिथे 2 किलोमीटरवर आणखी एक डिस्टंट लावतात. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरू न देता किती ब्रेक लावता येईल याला मर्यादा आहे. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर साधारण चौपट होते, त्यामुळे होमचा तांबडा दिवा दिसल्यावर ब्रेक लावायला घेतला तर बहुधा फार उशीर झालेला असतो. डिस्टंटच्या पिवळ्या दिव्याचे काम म्हणजे चालकाला आधीच सावध करणे. त्यातूनही चूक होईल हे धरून, मागच्या स्टेशनावरून गाडी घेण्याआधी होमच्या पुढचा किमान 180 मीटर रूळही मोकळा लागतो.

1 किलोमीटरला 87 ने भागले तर साडेअकरा मीटर येतात, म्हणजे होम आमच्या बैठकीत आणि डिस्टंट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात! तेव्हा जागेबद्दल कंपनीला दोष देत नाही. खरी अडचण इंजिनात आहे. त्यातल्या मळसूत्री दंतचक्रामुळे वीज तोडताच गाडी जागच्या जागी उभी राहते, मग पिवळा दिवा कशासाठी हे मुलाला कळणार कसे? मी वीज हळूहळू कमी करणारा नियंत्रक वेगळा आणून जोडला आणि डिस्टंट दारापाशी नेला. आता पिवळा दिसताच नातू कळ फिरवतो, तरी चारातून एकदा होम ओलांडतोच.

घाट मात्र पुस्तके रचूनही साधला नाही. खंडाळ्याच्या 37 ला 1 अशा उतारावर गाडीचे वजनच तिला खाली ओढते, म्हणून तिथे सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवण्यासाठी कॅच सायडिंग ठेवल्या आहेत. आमचे मळसूत्र मात्र उतारावरही गाडी धरून ठेवते.