‘फाइंडिंग नेव्हरलँड’ की ‘गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन’? मुलांच्या खेळातून लिहिणाऱ्या दोन नाटककारांचे चित्रपट

जुन्या इंग्लंडमधला एखादा नाटककार मुलांच्या खेळात सामील होतो आणि त्या खेळातून जगभर पोहोचलेली कलाकृती जन्माला येते, असा चित्रपट पाहायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासमोर दोन पर्याय ठळकपणे येतात. पहिला मार्क फॉर्स्टर यांचा २००४ सालचा ‘फाइंडिंग नेव्हरलँड’. त्यात ‘पीटर पॅन’चे कर्ते जे. एम. बॅरी आणि ल्युएलिन डेव्हिस कुटुंबातली मुले यांची गोष्ट आहे. दुसरा सायमन कर्टिस यांचा २०१७ सालचा ‘गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन’. तो ‘विनी द पू’ लिहिणारे ए. ए. मिल्न आणि त्यांचा एकुलता एक मुलगा ख्रिस्तोफर रॉबिन यांच्याविषयी आहे. दोन्ही पावणेदोन तासांच्या आसपासचे आहेत. अस्वलाच्या गोष्टींमुळे मिल्न यांची ओळख बालसाहित्यिक अशी झाली असली, तरी त्याआधी लंडनच्या रंगभूमीवर त्यांची नाटके चालत होती. बॅरींनी लेखक-कलावंत मित्रांचा एक हौशी क्रिकेट संघ काढला होता. त्यात आर्थर कॉनन डॉयल खेळत आणि पुढे तरुण मिल्नही खेळले. तेव्हा ही दोन माणसे एकाच वर्तुळातली होती आणि त्यांची तुलना ओढूनताणून केलेली नाही.

निवड करताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. ‘फाइंडिंग नेव्हरलँड’ लिहिणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, तर ‘गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन’ ज्याच्यावर लिहिले गेले त्या मुलाच्या बाजूने. चित्रपट म्हणून मला पहिला निःसंशय सरस वाटतो. मात्र दुसरा जो प्रश्न विचारतो, तो पहिल्याने बाजूला ठेवलेला आहे आणि तो प्रश्न महत्त्वाचा आहे.

‘फाइंडिंग नेव्हरलँड’ची ताकद त्याच्या दृश्यरचनेत आहे. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये बॅरी (जॉनी डेप) आपल्या पोर्थोस नावाच्या थोराड कुत्र्याचे पुढचे पाय हातात धरून नाचतात आणि समोर बसलेल्या मुलांना हे सर्कशीतले अस्वल आहे असे सांगतात. छोटा पीटर (फ्रेडी हायमोर) तो निव्वळ कुत्रा असल्याचे ठामपणे बजावतो. त्याच क्षणी बागेचे सर्कशीच्या रिंगणात रूपांतर होते, दिवे लागतात, आणि प्रेक्षकाला बॅरींच्या डोळ्यांनी दिसू लागते. पुढे मुले पलंगावर उड्या मारताना खिडकीतून तरंगत बाहेर जातात. कडक शिस्तीची आजी (ज्युली क्रिस्टी) हातातला कपडे टांगायचा हँगर रोखून दटावत असते, तेव्हा बॅरींना तिथे लोखंडी आकडा दिसतो. ‘पीटर पॅन’ नाटकातला, हाताच्या जागी आकडा असलेला खलनायक कॅप्टन हुक याचे बीज कुठे पडले, हे सांगायला पटकथेला एकही संवाद खर्च करावा लागत नाही. सर्जनाची प्रक्रिया पडद्यावर दाखवणे किती अवघड असते, हे लेखकांवरचे इतर चरित्रपट पाहिले की कळते. तिथे बहुधा माणूस कागद चुरगाळून फेकत बसलेला असतो. डेव्हिड मॅगी यांची पटकथा ही अडचण फार सहजपणे ओलांडते.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा प्रसंगही असाच जमून आला आहे. निर्माते चार्ल्स फ्रोमन (डस्टिन हॉफमन) धास्तावलेले आहेत, कारण कुत्र्याचा वेष घातलेला नट आणि दोरांना लटकून उडणारी पात्रे प्रतिष्ठित प्रेक्षकांना रुचतील याची त्यांना मुळीच खात्री नाही. बॅरींनी पंचवीस खुर्च्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत आणि त्या एका ठिकाणी न ठेवता नाट्यगृहभर विखुरल्या आहेत. आधी मुले हसतात, मग त्यांच्या शेजारचा गंभीर गृहस्थ हसतो, आणि हळूहळू सगळे प्रेक्षागृह सैलावते. आपल्याकडे बालनाट्याच्या प्रयोगाला मुलांबरोबर बसलेल्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल. ‘पीटर पॅन’चा खरा पहिला प्रयोग २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये झाला. टिंकर बेल या परीला वाचवण्यासाठी टाळ्या वाजवा, असे पीटर प्रेक्षकांना विनवतो तेव्हा कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत तर काय, या भीतीने वादकांनाच टाळ्या वाजवायला सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात तशी वेळ आली नाही.

जान काचमारेक यांच्या संगीताला ऑस्कर मिळाले, आणि ते योग्यच होते; ते संगीत भावना अंगावर आणत नाही. केट विन्स्लेट यांनी रंगवलेली मुलांची आजारी आई सिल्व्हिया संयत आहे. बॅरींची पत्नी मेरी (राधा मिचेल) हिच्या वाट्याला मात्र पटकथेने फार कमी सहानुभूती दिली आहे. नवरा दिवसच्या दिवस दुसऱ्या घरी रमलेला असताना तिने काय करायचे, याकडे चित्रपट जेमतेम पाहतो.

इतिहास म्हणून हा चित्रपट पाहणाऱ्यांनी सावध राहावे. चित्रपटात १९०३ साली बॅरी भेटतात तेव्हा सिल्व्हिया विधवा आहे आणि तिला चार मुलगे आहेत. वास्तवात बॅरींची मुलांशी ओळख १८९७ साली झाली, तेव्हा पीटर तान्हा होता. मुलांचे वडील आर्थर जिवंत होते आणि नाटक रंगमंचावर आल्यानंतर, १९०७ साली, जबड्याच्या कर्करोगाने गेले. सिल्व्हिया १९१० साली गेल्या. मुलगे पाच होते. धाकटा निको चित्रपटातून वगळला आहे. चित्रपटाच्या आरंभी बॅरींचे जे नाटक पडल्याचे दाखवले आहे, ते प्रत्यक्षात चांगले चालले होते. नाटक घरी आणून आजारी माणसासमोर करण्याच्या हृद्य प्रसंगाला मात्र खरा आधार आहे: १९०६ साली या मुलांपैकी आजारी असलेल्या छोट्या मायकेलसाठी नटमंडळी खरोखर त्याच्या घरी गेली होती. चित्रपटाने तो प्रसंग उचलून आईच्या वाट्याला दिला. वडिलांना कथेतून काढून टाकणे हा बदल मला सर्वांत खटकतो. नवरा हयात असलेल्या घरात एक यशस्वी, धनवान नाटककार रोज येऊन मुलांचे विश्व व्यापून टाकतो, ही परिस्थिती किती गुंतागुंतीची असेल! पटकथेने ती गुंतागुंत पुसून गोष्ट निर्मळ केली आहे.

हीच गुंतागुंत ‘गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन’ने अंगावर घेतली आहे. मिल्न (डोनल ग्लीसन) पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर लढून परतले आहेत आणि फुगा फुटला तरी त्यांचा थरकाप होतो. ससेक्समधल्या घरी एकदा दाई आणि आई दोघीही नसतात, आणि मुलाशी कसे बोलावे हे न कळणारा बाप त्याच्याबरोबर एकटा राहतो. रानातल्या त्यांच्या भटकंतीत घोंघावणे ऐकून बाप जागच्या जागी थिजतो. त्याला आघाडीवरच्या माश्या आठवतात. त्या मधमाश्या आहेत, असे मुलगा त्याला शांतपणे सांगतो. इथे मूल बापाला सावरते आहे, आणि मधाच्या गोष्टीही त्याच रानातून येणार आहेत. दोन्ही चित्रपटांत मिळून मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग हाच.

यानंतर पुस्तके प्रसिद्ध होतात आणि चित्रपटाचा सूर बदलतो. मुलाचे खरे नाव पुस्तकात गेले आहे, त्यामुळे तो आता सगळ्यांचा झाला आहे: मुलाखती, छायाचित्रे, चाहत्यांबरोबरचे चहापान, आणि नंतर शाळेत वाट्याला येणारी क्रूर टिंगल. त्याचे हाल ओळखणारी दाई ऑलिव्ह ही भूमिका केली मॅकडोनाल्ड यांनी केली आहे. ‘फाइंडिंग नेव्हरलँड’मध्ये रंगमंचावरचा पीटर पॅन साकारणाऱ्या अभिनेत्रीच्या भूमिकेतही त्याच होत्या. दोन्ही चित्रपट पाहणाऱ्याला हा योगायोग नक्की जाणवेल.

उणिवा इथेही आहेत. आईची भूमिका (मार्गो रॉबी) एकसुरी लिहिलेली आहे, उत्तरार्ध घाईत उरकला आहे, आणि शेवटचा बाप-लेकांचा समेट वास्तवापेक्षा कितीतरी गोड आहे. ख्रिस्तोफर मिल्न यांनी पुढे डार्टमथमध्ये पुस्तकांचे दुकान चालवले आणि १९७४ साली आठवणी लिहिल्या. वडिलांनी आपले नाव वापरून कीर्ती मिळवली ही सल त्यांनी तिथे उघडपणे मांडली आहे. पीटर ल्युएलिन डेव्हिस यांनाही ‘पीटर पॅन’शी जोडलेल्या आपल्या नावाचा आयुष्यभर जाच झाला. ‘फाइंडिंग नेव्हरलँड’ त्या जाचाच्या कितीतरी आधी थांबतो.

आता निवडीबद्दल. दहा-अकरा वर्षांच्या मुलांबरोबर घरी बसून पाहायचा असेल, तर ‘फाइंडिंग नेव्हरलँड’ घ्यावा. त्यात आईचा मृत्यू आहे. पण तो हळुवारपणे येतो आणि नंतर मुले प्रश्न विचारतील, तर बोलायला जागा मिळते. ज्या घरात नुकतेच कोणी दगावले असेल, तिथे मात्र तो काही महिने लांबणीवर टाकलेला बरा. नाटक करणाऱ्या, लिहिणाऱ्या किंवा मुलांना शिकवणाऱ्या माणसालाही मी आधी हाच सुचवेन, कारण खेळातून संहिता कशी आकार घेते हे त्यात डोळ्यांसमोर घडते. आपल्या मुलांची छायाचित्रे, बोबडे बोल आणि गमती जगासमोर रोज मांडणाऱ्या आईवडिलांनी मात्र ‘गुडबाय ख्रिस्तोफर रॉबिन’ निवडावा, आणि तो मुले झोपल्यावर पाहावा. रानातल्या खेळाचा भाग लहानांना आवडेल, पण युद्धाच्या आठवणी आणि शाळेतला छळ त्यांच्यासाठी जड आहे.

ज्यांना बॅरींची कहाणी शेवटपर्यंत हवी आहे, त्यांच्यासाठी तिसराही पर्याय आहे: बीबीसीची १९७८ सालची ‘द लॉस्ट बॉइज’ ही तीन भागांची मालिका. ती अँड्र्यू बर्किन यांनी लिहिली आणि इयन होम यांनी बॅरी साकारले. प्रत्यक्षातले बॅरी जेमतेम सव्वापाच फुटांचे, अबोल गृहस्थ होते, आणि त्या माणसाच्या जवळ डेप यांच्यापेक्षा होम जास्त पोहोचतात. आर्थर इथे हयात आहेत, पाचही मुलगे आहेत, १९१५ साली युद्धाच्या आघाडीवर मारला गेलेला जॉर्ज आहे आणि १९२१ साली ऑक्सफर्डजवळ बुडालेला मायकेलही आहे. तिची गती जुन्या दूरदर्शन मालिकांसारखी संथ आहे आणि चार तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो, म्हणून पहिल्या भेटीसाठी मी ती सुचवणार नाही. ‘फाइंडिंग नेव्हरलँड’ पाहून झाल्यावर ‘मुलांच्या वडिलांचे काय झाले?’ असा प्रश्न ज्याच्या मनात उरेल, त्याने ही मालिका रोज एक भाग या हिशेबाने पाहावी.